रतनगड ते हरिश्चंद्रगड, तीन दिवस: आधी पाणी आणि उजेड मोजा

तुमचा बेत असा आहे. पुण्यातले चार मित्र आणि एकाचा चौदा वर्षांचा भाचा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रतनवाडीहून रतनगड, तिथून कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, पुढं पाचनई आणि हरिश्चंद्रगड. दोन्ही रात्री स्वतःच्या तंबूत, पहिली शक्यतो खिंडीतच. राजगड, तोरणा असे एका दिवसाचे ट्रेक तुमचे झालेत, पण पाठीवर मुक्कामाचं सामान घेऊन सलग तीन दिवस कुणी चाललेलं नाही. तुम्ही विचारलंय की खिंडीत तंबू लावता येईल का, वाटाड्या लागेल का, तारखा बरोबर आहेत का आणि मुलाला न्यावं का.

वाट निवडलीत ती उत्तमच. सह्याद्रीत अजून सलग रान म्हणावं असं जे काही उरलंय, त्यात हा पट्टा येतो. पण तुम्ही पाठवलेली आखणी किलोमीटरवर बेतलेली आहे आणि या डोंगरात किलोमीटर फारसे कामाला येत नाहीत. इथं दोनच गोष्टी मोजायच्या, पाणी कुठं मिळणार आणि उजेड किती वेळ आहे. त्या दोन नीट मांडल्या की मुक्काम कुठं पडणार हे आपसूक ठरतं. खिंडीत तो पडत नाही.

उजेडाचा हिशोब आधी करू. डिसेंबरच्या उत्तरार्धात या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे कागदावर अकरा तास. पण कात्राबाईचं रान दाट आहे आणि पश्चिमेला डोंगराची भिंत, त्यामुळं साडेपाचलाच झाडाखाली पायवाट दिसेनाशी होते. नाश्ता, जेवण, फोटो, चुकलेल्या वाटेचं शोधकाम यांचे दोन-अडीच तास वजा केले की चालायला उरतात जेमतेम आठ. आता चालण्याचा वेग. स्कॉटलंडच्या विल्यम नेस्मिथनं १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता, तो आजही जगभर वापरतात: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर धरा आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला एक तास वाढवा. तो चांगल्या वाटेवरच्या, सरावलेल्या, हलक्या ओझ्याच्या माणसाचा आहे. आपल्या घसाऱ्यावर, कारवीच्या झुडपांतून, दहा-अकरा किलोची सॅक घेऊन चालणाऱ्या गटानं त्यातून निघणाऱ्या वेळेची दीडपट धरावी, आणि गटातल्या सगळ्यात संथ माणसाच्या पायानं धरावी. तुमच्या आखणीत पहिल्या दिवशी रतनगड पूर्ण पाहून संध्याकाळी साडेपाचला खिंड असं लिहिलंय. म्हणजे अनोळखी जागी, अंधार पडता पडता तंबू आणि हातात पाणी नाही.

पाण्याचं खिंडीत हेच दुखणं आहे. पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत या रानातले ओहोळ वाहते असतात. डिसेंबरअखेर त्यातले बरेचसे थेंबावर येतात आणि कुठला चालू, कुठला आटलेला हे दर वर्षीच्या पावसावर असतं. मुक्कामाला माणशी चार लिटर तरी पाणी लागतं: पिणं, स्वयंपाक, सकाळचा चहा आणि पुढच्या टप्प्याची बाटली. पाच माणसांचं वीस लिटर, म्हणजे वीस किलो. ते रतनगडावरून खिंडीपर्यंत वाहून न्यायची तयारी असेल तर बोला. शिवाय खिंड ही वाऱ्याची वाट असते आणि उरल्यासुरल्या पाण्यावर रात्री जनावरं येतात. त्यांची जागा त्यांना राहू द्यावी.

तेव्हा पहिला मुक्काम कुमशेतला, गावात. खिंडीतून खाली दीड-दोन तासांचा उतार आहे. त्यासाठी पहिल्या दिवसाची सुरुवात मात्र तुमच्या आखणीपेक्षा बरीच आधी व्हायला हवी. आदल्या रात्री रतनवाडीत पोचा. पुण्याहून संगमनेर, अकोले, राजूर, शेंडी आणि तिथून भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालत रतनवाडी. हा वळसा नकाशावर किरकोळ वाटतो, रात्री गाडीनं जीव काढतो. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पुरं झालं तेव्हापासून रतनवाडी पाण्यापलीकडं गेली ती गेलीच. गावात घरगुती जेवण आणि पडवीत झोपायची सोय होते, आधी सांगून ठेवलं तर नक्कीच होते. सकाळी अमृतेश्वराचं देऊळ पाहायचं असेल तर दिवस वर यायच्या आत पाहा. त्या कोरीवकामापुढं अर्धा तास कुठं जातो कळत नाही, आणि तो अर्धा तास तुम्हाला दुपारी हवा असतो.

साडेसहाला, बॅटरीच्या उजेडात, निघा. वाट प्रवरेच्या पात्राला धरून जाते, दोन-चारदा ते ओलांडते आणि मग रानात शिरून चढू लागते. गावापासून माथ्यापर्यंत चढ पाचशे मीटरच्या वर आहे. शिड्यांच्या अलीकडं एक फाटा लागतो. सरळ वर गेलं की रतनगडाच्या शिड्या, आणि दुसरी वाट कात्राबाईकडं. हा फाटा म्हणजे तुमच्या सगळ्या ट्रेकची किल्ली. इथं नऊ-साडेनऊला पोचायचं. गड पाहायला सॅक घेऊन जाऊ नका. लोखंडी शिड्यांवर मोठी सॅक मागं ओढते आणि समोरून उतरणारी माणसं असली की नुसता खोळंबा. सॅक फाट्यावर ठेवा, पण राखणीला कुणीतरी थांबा, कारण इथल्या माकडांना झिप उघडता येते. गणेश दरवाजा, हनुमान दरवाजा, टाकी, मग नेढं, म्हणजे कातळाला आरपार पडलेलं भोक. नेढ्यात बसलं की वारा असा लागतो की उठावंसं वाटत नाही, उठा. टाक्यांमधलं पाणी निवळ दिसलं तरी क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास थांबल्याशिवाय पिऊ नका. इथं सगळ्या बाटल्या भरायच्या, माणशी तीन लिटर. पुढचं पाणी मिळालं तर मिळालं असंच धरायचं.

आता तो नियम जो मी गटाला आदल्या रात्रीच सांगून ठेवतो: साडेबारा. गड पाहून परत फाट्यावर यायला साडेबारापेक्षा जास्त वाजले तर कात्राबाई रद्द. मागं फिरून रतनवाडी गाठायची, नाहीतर त्र्यंबक दरवाजानं उतरून साम्रदला जायचं, सांदण दरी पाहायची, आणि घरी. यावर फाट्यावर चर्चा करायची नाही. दमलेली, उत्साहानं फुललेली माणसं दुपारी एकला जो निर्णय घेतात तो बहुतेक वेळा चुकीचाच असतो, म्हणून तो घरी बसून घेऊन ठेवायचा. फाट्यापासून खिंडीपर्यंत अडीच-तीन तास आणि तिथून कुमशेत दोन तास. साडेबाराला निघालात तर पाच-साडेपाच होतात. त्यात वाट चुकायला जागा नाही.

आणि वाट चुकतेच. फाट्यापुढची वाट डोंगराच्या पदरातून, गच्च झाडीतून आडवी जाते. अग्निबाणाचा सुळका अधूनमधून झाडांतून डोकावतो, तेवढीच काय ती खूण. गुरं चारायला नेणाऱ्यांच्या वाटा, लाकूडफाट्याच्या वाटा, जनावरांच्या वाटा या सगळ्या एकमेकींत मिसळतात, आणि ढोरवाटेची खोड अशी की ती मुख्य वाटेपेक्षा रुंद आणि मळलेली दिसते, मग पाण्याशी किंवा कुरणाशी जाऊन संपते. दगडांवर रंगवलेले बाण आहेत, पण ते वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या ठिकाणी जाण्यासाठी काढलेले आहेत. तेव्हा वाटाड्या लागेल का याचं उत्तर रतनवाडी ते कुमशेत या टप्प्यासाठी स्पष्ट हो असं आहे. दुसऱ्या दिवशी गरज नाही, तिसऱ्या दिवशी घेतलात तर बरं.

वाटाड्या रतनवाडीतूनच घ्या. पैसे आधी ठरवा, आणि ठरवताना एक गोष्ट ध्यानात घ्या: तो तुम्हाला कुमशेतला सोडल्यावर त्याच संध्याकाळी परत फिरू शकत नाही. म्हणजे त्याचे दोन दिवस जातात. मजुरी दोन दिवसांची द्या, जेवण तुमच्याबरोबर. घासाघीस करून पाचजणांत माणशी शंभर रुपये वाचवण्यात काही अर्थ नाही. इथली वस्ती महादेव कोळी आणि ठाकरांची. पावसाळ्यात भात, नाचणी, वरई, आणि पीक निघालं की हाताला काम कमी. डिसेंबर-जानेवारीतले हे पैसे त्या घराला उपयोगी पडतात. वाटाड्यापुढं पळू नका आणि त्याला पळवूही नका. चालताना वाट विचारत राहा, खुणा समजून घ्या. फोनवर मार्गाची फाइल उतरवून घ्याच, पण ती वाटाड्याच्या जोडीला असते, त्याच्या जागी नव्हे. कड्याखालच्या झाडीत उपग्रहाचे संकेत नीट मिळत नाहीत आणि फोन तुम्हाला वीस-तीस मीटर बाजूला दाखवतो. कारवीत वीस मीटर म्हणजे वेगळाच डोंगर.

खिंडीत पोचल्यावर दक्षिणेला जे दिसतं त्यासाठी पंधरा मिनिटं जरूर काढा. समोर मुळा नदीचं खोरं, त्यापलीकडं हरिश्चंद्रगडाचा पसारा, उजवीकडं आजोबा डोंगराची भिंत. दिशा लक्षात राहण्यासाठी एवढं ध्यानात ठेवा की खिंडीच्या उत्तरेचं पाणी प्रवरेला आणि दक्षिणेचं मुळेला जातं. खिंड उतरू लागल्यावर एखादा ओढा ओलांडला की तो मुळेकडंच निघालाय. उतारावरचं गवत डिसेंबरमध्ये वाळलेलं असतं आणि त्याखाली मुरूम. पाय तिरके टाका, घाई नको. या ट्रेकमध्ये घोटे मुरगळतात ते चढावर फार क्वचित, ते मुरगळतात दिवसाच्या शेवटच्या तासाला या असल्या उतारांवर.

कुमशेत वाड्यावाड्यांत विखुरलेलं गाव आहे, म्हणून कुणाकडं उतरायचं हे वाटाड्यामार्फत आधीच पक्कं करा. नाहीतर अंधारात या वाडीतून त्या वाडीत फिरत बसाल. जेवण म्हणजे नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, पिठलं किंवा आमटी, भात. चुलीपुढं बसून गप्पा मारायला मिळतात. तंबूतल्या नूडल्सपेक्षा हे मला तरी शंभर पटींनी बरं वाटतं, पण तो आवडीचा प्रश्न झाला. थंडीबद्दल एक सांगून ठेवतो. खोऱ्यातली गावं रात्री डोंगरमाथ्यापेक्षाही गार पडतात, कारण निरभ्र रात्री गार हवा जड होऊन उतारांवरून खाली घरंगळते आणि खोऱ्यात साचते. गाव म्हणून गरम कपडे कमी घ्यावेत असा हिशोब करू नका. तापमान दहाच्या खाली सहज जातं.

आता तंबू. तुम्हाला आवडणार नाही, पण माझा सल्ला तंबू घरी ठेवण्याचा आहे. पाचजणांना दोन तंबू, म्हणजे पाच-सहा किलो. पहिली रात्र गावात. दुसरी हरिश्चंद्रगडावर, जिथं पाचनईची मंडळी हंगामात तंबू भाड्यानं देतात आणि पिठलं-भाकरीही करून देतात. मग ते ओझं कात्राबाईच्या चढउतारावरून कशासाठी न्यायचं? त्याऐवजी एक हलकी ताडपत्री आणि दहा मीटर दोरी घ्या. कुणी अडकलं, आजारी पडलं तर डोक्यावर छप्पर होतं, जेवताना खाली अंथरता येते. तंबूत झोपायची हौस हीच जर सहलीची मुख्य गोष्ट असेल तर ते प्रामाणिकपणे ठरवा आणि भंडारदऱ्याच्या काठावर दोन दिवस काढा, सुंदर जागा आहे. लांबचा ट्रेक आणि स्वतःच्या तंबूचा आनंद हे दोन्ही पहिल्याच खेपेला साधायला जाऊ नये.

शिवाय परवानगीचा भाग आहेच. रतनवाडीपासून हरिश्चंद्रगडापर्यंतचा हा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा, १९८६ मध्ये जाहीर झालेला. नाक्यावर प्रवेशशुल्क भरावं लागतं, पावती जपून ठेवा. रात्रीचा मुक्काम कुठं चालतो आणि कुठं नाही याचे नियम गर्दी आणि ऋतू पाहून बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात भंडारदरा आणि राजूर इथल्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयांत विचारून घ्या. शेकोटीचा विषय मात्र वादाचा नाही. अभयारण्याला धोका होईल असा जाळ करायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे, आणि वाळलेल्या गवताच्या माळावर कुठलाही जाळ धोक्याचाच असतो. ऊब हवी असेल तर गावातल्या चुलीपाशी बसा. चहापाण्यासाठी छोटी गॅसशेगडी घ्या; २३० ग्रॅमच्या एका डब्यावर दहा-बारा लिटर पाणी उकळतं, तुम्हाला तेवढं पुरे.

तारखांचं म्हणाल तर महिना बरोबर, आठवडा चुकीचा. नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर हा या वाटेचा खरा काळ. ऑक्टोबरमध्ये गवत छातीएवढं असतं, त्यात वाट आणि साप दोन्ही दिसत नाहीत. पावसाळ्यात मुळा ओलांडणं बेभरवशाचं आणि कात्राबाईत धुकं. फेब्रुवारीपासून पाणी आटतं, मार्चनंतर वणवे. पण ३१ डिसेंबरच्या आसपास हरिश्चंद्रगडावर जत्रा भरते. भाड्याचे तंबू मिळत नाहीत, कोकणकड्यावर स्पीकर वाजतात, वाटाड्यांना दुप्पट मागणी. डिसेंबरचा पहिला पंधरवडा घ्या किंवा जानेवारीतला, आणि सुट्टी टाकून मंगळवार ते गुरुवार जा. पाणीही पहिल्या पंधरवड्यात जास्त असतं. जमलं तर शुक्ल पक्षातली दशमी ते पौर्णिमा बघा, संध्याकाळी उशीर झाला तर चांदण्याचा आधार होतो.

दुसरा दिवस सोपा, त्यावर फार लिहीत नाही. कुमशेतहून मुळेच्या पात्रात उतरायचं, पलीकडं चढून पेठेची वाडी, तिथून पाचनई. सगळी गावकऱ्यांची जाण्यायेण्याची वाट, विचारायला माणसं भेटतात. साडेसातला निघालात तर बारापर्यंत पाचनईत जेवायला. ऊन मात्र लागतं, टोपी बाहेर ठेवा. पाचनईहून गड दोन-अडीच तास. वाट सुरुवातीला चढते, मग पुढं आलेल्या कातळाच्या खालून आडवी जाते आणि मंगळगंगेच्या ओढ्याशी येते. चारच्या आत गडावरच्या देवळापाशी पोचा, म्हणजे सॅक टाकून सूर्यास्ताला कोकणकडा गाठता येतो. कड्याच्या टोकाला पालथं पडून खाली बघायची पद्धत आहे. बघायचंच तर एकेकानं, मागं दुसऱ्यानं पाय धरून, आणि वारा असेल तर मुळीच नाही. तंबू, भाड्याचा असला तरी, कड्यालगत लावू देऊ नका. रात्री उठून अर्धवट झोपेत चार पावलं चुकीच्या दिशेला पडायला वेळ लागत नाही. देवळाच्या आवारातही नको. केदारेश्वराच्या लेण्यात पाणी कमरेएवढं आणि बर्फासारखं असतं. चार खांबांपैकी एकच शाबूत उरलेला आहे, त्याच्याभोवती उड्या मारत पोहणारे लोक पाहिले की माझं डोकं फिरतं.

तिसऱ्या दिवशी सूर्योदय गडाच्या तारामती शिखरावरून, आणि मग उतराई. इथं मी तुमची आखणी बदलतोय. तुम्ही परत पाचनईला उतरून राजूरमार्गे गाडी घ्यायला रतनवाडीला जाणार आहात. त्यात सगळी दुपार जाते आणि थकलेल्या माणसानं रात्री घाटातून गाडी चालवायची. त्यापेक्षा गाडी आणूच नका. येताना एसटीनं राजूर आणि तिथून जीप. जाताना टोलार खिंडीतून खिरेश्वरला उतरा, खुबी फाट्यावर माळशेजच्या हमरस्त्याला लागा, आळेफाट्यावरून पुण्याच्या गाड्या मिळतात. ही वाट खिंडीपर्यंत फसवी आहे. देवळाकडून निघाल्यावर एकामागून एक लहान टेकाडं आणि त्यांमधलं रान, सगळं एकसारखं दिसतं. धुक्यात इथं लोक तासन् तास गोल फिरतात. म्हणून तिसऱ्या दिवशी वाटाड्या घेतलात तर बरं असं वर म्हटलं. निदान टोलार खिंडीपर्यंत तरी घ्या. खिंडीच्या अलीकडं कातळटप्पा आहे, रेलिंग लावलेलं आहे, तोंड कातळाकडं करून उतरा. खिंडीत वाघाचं शिल्प दिसलं की चुकायचा भाग संपला. खिंडीतून एका बाजूला खिरेश्वर, दुसरीला कोथळे. देवळापासून खिरेश्वरापर्यंत चार तास धरा आणि नऊला निघा.

सामानाची तुमची यादी वाचली. त्यातून ड्रोन, स्पीकर, फोल्डिंग खुर्च्या आणि दुसरी जीन्स काढा. जीन्स एकही नको, भिजली की वाळत नाही. सॅक पाण्यासकट अकरा किलोच्या वर जाता कामा नये आणि मुलाची सहाच्या. प्रत्येकाकडं स्वतःची हेडबॅटरी हवी, फोनचा टॉर्च धरला की एक हात अडकतो. झोपायला पाच अंशांना ऊब देणारी स्लीपिंग बॅग, कॅरीमॅट, कानटोपी, कोरडे मोजे वेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. बूट नवे आणू नका. दुपारच्या खाण्याला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, खजूर, चिक्की. दशम्या दोन दिवस सहज टिकतात आणि शिजवायची कटकट नाही. मीठ-साखरेची पाकिटं पाचांना पंधरा तरी. शौचाला पाण्यापासून शंभर पावलं लांब, वीतभर खड्डा करून, वर माती लोटून. टिश्यू आणि ओले रुमाल परत पिशवीतून आणायचे. सुट्ट्या नोटा भरपूर ठेवा, कुमशेतमध्ये फोनवरून पैसे पाठवायला रेंज मिळेलच असं नाही.

बिबट्याची भीती तुमच्यापैकी एकानं लिहिली आहे. बिबटे आहेत, पण दिवसा गटानं चालणाऱ्यांच्या वाट्याला ते येत नाहीत. मी जास्त जपतो ते आग्या मोहोळाला. कड्यांच्या कपारीत ही पोळी लटकलेली असतात. अत्तर, उग्र वासाचे फवारे, धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात, आणि उठल्या की धावायला जागा नसते. वाटाड्या गप्प बसा म्हणाला की त्याच क्षणी गप्प. साप थंडीत सुस्त, तरी दगडांच्या सांदीत हात घालू नका, बूट घालण्याआधी झटका. चावलाच तर जखम कापणं, चोखणं, करकचून बांधणं काही नको. पाय हलू न देता माणसाला आडवं नेऊन सर्वात जवळच्या गावातून गाडी, आणि राजूर-अकोल्याच्या दिशेनं सरकारी दवाखाना. १०८ आणि ११२ तर आहेतच. महाराष्ट्र माउंटेनीअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदतक्रमांकही निघण्याआधी सगळ्यांच्या फोनमध्ये भरून ठेवा. सह्याद्रीतली अनुभवी बचावपथकं त्यामार्फत जोडलेली आहेत.

घरी एका माणसाला कागद लिहून द्या: कोण कोण, कुठली वाट, कुठल्या रात्री कुठं, वाटाड्याचं नाव आणि फोन, आणि तिसऱ्या दिवशी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. सुटकेच्या वाटा त्याच कागदावर: पहिल्या दिवशी रतनवाडी किंवा साम्रद, रात्रीनंतर कुमशेतहून राजूरची जीप, दुसऱ्या दिवशी पाचनईहून राजूर, तिसऱ्या दिवशी कोथळे. फाट्यापुढच्या रानातून खिंड ओलांडेपर्यंत मात्र बाहेर पडायला जागा नाही. म्हणूनच साडेबाराचा तो नियम एवढा ताणून धरलाय.

तयारी म्हणून के टू एस करा, कात्रज ते सिंहगड, पण भरलेली सॅक घेऊन. रात्री सगळे करतात, तुम्ही पहाटे निघून दिवसा करा, म्हणजे पायाबरोबर उन्हाचा आणि पाण्याचाही अंदाज येईल. त्यात कुणाचे गुडघे कुरकुरतात, कोण कुठल्या तासाला गप्प होतो, कोण किती पाणी पितो हे सगळं कळतं. सिंहगडाच्या पायथ्याला पोचल्यावर ज्याला दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चालायची कल्पना सहन होत नाही, त्यानं या खेपेला पाचनईला थेट येऊन गटाला भेटावं. त्यात कमीपणा काही नाही.

भाच्याला न्या. के टू एस त्यानं तुमच्याबरोबर केलं तर नक्की न्या, चौदाव्या वर्षी मुलं आपल्यापेक्षा बरी चालतात. फक्त ती खाणंपिणं विसरतात आणि दमल्याचं सांगत नाहीत, म्हणून दर तासाला त्याच्या हातात बाटली आणि चिक्की द्यायचं काम एकाकडं सोपवा. रतनगडाच्या शिडीवर त्याच्या वर एक आणि खाली एक मोठा माणूस हवा. आणि त्याच्या आईला हा कागद वाचायला द्या, साडेबाराच्या नियमासकट.